बिजागरीत खोबरेल

आमच्या दादाची फेक नाहूरपासून मुलुंडपर्यंत प्रसिद्ध होती. क्रिकेटच्या बॉलची नव्हे. तो हाताने बनवलेली ग्लायडर्स फेकायचा. ग्लायडर म्हणजे इंजिन नाही, पंखा नाही, नुसतं हलक्या बाल्सा लाकडाचं हातभर विमान. दादा बांधावरून धावत यायचा, अंगातलं सगळं बळ खांद्यात आणायचा आणि ते वर भिरकावायचा. मग ते वरच्या वर गोल गोल फिरत, कुणाची पर्वा न करता, निवांत खाली यायचं. रविवारी सकाळी मिठागरांवर तो आणि मी. मी कशाला, तर ते पडेल तिथून उचलून आणायला. चिखलात मी उतरायचे, खारट पाण्याने पाय माझे खाजायचे आणि घरी आल्यावर आईच्या शिव्याही मीच खायचे, कारण चपला माझ्या भरलेल्या असायच्या. मला राग यायचा. मला तसाही राग पटकन येतो आणि जायला वेळ लागतो. पण पुढच्या रविवारी मी परत त्याच्याआधी तयार असायचे.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं होती. दादा तीसचा, मी चोवीसची. बाबा गिरणीतून घरी बसले आणि दोन वर्षांत गेले. दादा भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होता, मी मुलुंडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. दोघांचीही लग्नं रखडली होती. माझं दादामुळे आणि दादाचं विमानांमुळे, असं आईचं सरळ म्हणणं. ती मालवणकडची, मुंबईत तीस वर्षं काढूनही बोलणं तिकडचंच. "विमानाबरोबर लगीन लाव रे झिला, मी वरणभात करतंय," असं ती त्याला ऐकवायची, आणि तो म्हणायचा, "मुलगी हलकी पाहिजे हं आई, पाच तोळ्यांच्या आत."

त्याच्या हाताचं पहिल्यांदा कारखान्यातच लक्षात आलं. स्क्रूड्रायव्हर निसटायला लागला. मग घरी कपबशी. मग एका रविवारी त्याने नेहमीसारखी धाव घेतली, हात फिरवला, आणि ग्लायडर त्याच्यापासून वीस पावलांवर जाऊन पडलं. मी हसले. खरंच हसले, मला वाटलं पाय घसरला. तो उजव्या हाताकडे असा बघत होता, जसं काही तो हात दुसऱ्या कुणाचा आहे आणि चुकून त्याच्याकडे आलाय.

मोठ्या हॉस्पिटलात सहा महिने चकरा झाल्या. सुया टोचून झाल्या, वायरी लावून झाल्या. शेवटी एक डॉक्टर, चांगला माणूस होता, त्याने आम्हाला दोघांना बसवलं आणि सांगितलं की हाताचे स्नायू वाळत चाललेत. आधी उजवा, मग डावा, मग पुढचं पुढे. मी विचारलं, "औषध?" तो म्हणाला, "ताकदीच्या गोळ्या लिहून देतो." बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "म्हणजे नाही." एवढंच. मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभी राहून त्या डॉक्टरला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना. काय करणार, दुसरं बोलायला कुणी नव्हतंच.

आईने गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. कारखान्यातल्या साहेबाने दादाला टूलरूममधून काढून स्टोअरमध्ये बसवलं, रजिस्टर घेऊन. आणि दादाने काय केलं? दादा घाटकोपरच्या एका रद्दीवाल्याकडून एक जुनं परदेशी मासिक घेऊन आला.

त्यात एक फोटो होता. एक माणूस रबर ताणून उभा, आणि त्या रबराला अडकवलेलं छोटंसं ग्लायडर, त्याचे दोन्ही पंख मागे मिटलेले. फोटोखाली चार ओळी होत्या, आणि पुढचं पान, जिथे मापं असणार, ते कुणीतरी फाडून नेलं होतं.

"हे बघ," दादा मला म्हणाला, "हाताने फेकायचं संपलं आपलं. आता गलोलीने सोडायचं. रबर ताणायला हाताचं बळ लागत नाही, अंगाचा भार पुरतो."

"मग सोड की. पंख कशाला मिटायचे?"

"वाऱ्यात उघडी छत्री धरून धाव जोरात. काय होईल?"

"उलटी होईल. काड्या मोडतील."

"आणि मिटून धरलीस तर?"

"तर काय, धावेन."

"झालं तर मग!"

त्याने नंतर नीट समजावलं, कारण मी सोडत नाही, मला कळेपर्यंत विचारत राहते. ताणलेलं रबर सुटतं तेव्हा विमानाला असा हिसका बसतो की पाच तोळ्यांचं विमान त्या क्षणापुरतं दोन-अडीच किलोचं होतं. उघडे पंख त्या हिसक्याने आणि समोरच्या वाऱ्याने मुळातून उपटतात. म्हणून ते मागे मिटायचे, अंगाला चिकटवून. प्रत्येक पंखाच्या मुळाशी एक बारीक बिजागरी आणि तिच्यात एक स्प्रिंग. स्प्रिंग पंख उघडायला बघते, पण वेग आहे तोवर वारा ते मागे दाबून धरतो. विमान सुळकन वर जातं, वर गेल्यावर वेग सरतो, वाऱ्याचा जोर ओसरतो, आणि तिथे स्प्रिंगचं चालतं. दोन्ही पंख उघडतात आणि मग ग्लायडर आपलं नेहमीसारखं घिरट्या घेत खाली येतं.

"म्हणजे सगळं स्प्रिंगवर," मी म्हटलं.

"सगळं स्प्रिंगवर. जास्त कडक झाली तर पंख खालीच उघडणार आणि तुकडे. नरम झाली तर उघडणारच नाहीत, बाणासारखं येऊन जमिनीत घुसेल."

आणि मग त्याने, हे मात्र नजर दुसरीकडे लावून, सांगितलं की त्याला एकदाच हवंय. हात आहे तोवर स्वतःच्या हाताने एकदा सोडायचं आणि वर पंख उघडलेले बघायचे. "एकदा उघडले की पुढे मी काही मागणार नाही," तो म्हणाला. मला त्याच्या या बोलण्याचाही राग आला. कुणाकडे मागत होता? माझ्याकडे?

तर ते सगळे पावसाळ्यानंतरचे महिने दादाने वहीत गणितं केली. शंभरपानी वही होती, पुठ्ठ्याची. सुरुवातीची पानं त्याच्या अक्षरात आहेत, मग अक्षर मोठं आणि वाकडं होत गेलंय, मग पुढे माझं अक्षर. तो सांगायचा, मी लिहायचे. वाऱ्याचा जोर, पंखाची रुंदी, तारेची जाडी. मला त्यातलं अर्धं कळायचं, पण शेवटची ओळ पक्की कळली होती, कारण त्याने ती तीनदा लिहून घेतली आणि भोवती गोल काढायला लावला. सतारीची बारीक पोलादी तार, तिचे सात वेढे. सात म्हणजे सात. वेढे कमी तर स्प्रिंग कडक, वेढे जास्त तर नरम. "सहा घेतलेस तर सुटतानाच उघडतील," तो म्हणाला, "आणि आठ घेतलेस तर उघडणार नाहीत. सातच."

विणायच्या सुईभोवती ते सात वेढे मी वळले. बाल्सा मी कापलं, मी घासलं. बिजागरीच्या पत्र्याच्या पट्ट्या मी वाकवल्या, सायकलच्या स्पोकची खीळ मी बसवली. तो बाजूला बसून बघायचा. ज्या माणसाने टूलरूममध्ये डोळे मिटून कामं केली त्याला माझी ती धडपड बघवायची नाही. "अगं, कानस अशी धरतात? भाकरी थापतेस का?" असं ओरडायचा. मी म्हणायचे, "मग ये, तू धर." आणि मग तो मान वळवायचा, मी घासत राहायचे. मला जीभ आवरत नाही, ही जन्माची खोड आहे.

सोडायची युक्ती त्याने फार छान काढली होती. मिठागराच्या बांधावर बांबू रोवायचा, रबर बांबूला बांधायचं, दुसरं टोक विमानाच्या नाकाच्या आकड्यात. विमानाच्या शेपटीला एक लाकडी बोंडूक, मुठीत मावेल असा गोळा. ते बोंडूक दादाने मुठीत धरायचं आणि नुसतं मागे झुकत जायचं. ओढायचं काम अंगाचं. हाताला एकच काम, मूठ मिटून धरायची आणि वेळ आली की उघडायची. त्याच्या उजव्या हाताची बोटं सुटी सुटी चालत नव्हती, पण मूठ अजून वळत होती. रोज सकाळी चहाच्या आधी तो मूठ वळून बघायचा. मी न बघितल्यासारखं करून बघायचे.

जानेवारीतला रविवार ठरला. त्या वर्षी थंडी चांगली पडली होती. आमच्याकडे डोंगराच्या बाजूने वारा येतो, अंधेरी-वर्सोव्याकडच्या लोकांना स्वेटर लागत नाही तेव्हा आम्ही शाल घेऊन बसतो. पहाटे उठले, विमान खोक्यातून काढलं, पंख मिटले, सोडले. उजवा टपकन उघडला. डावा उघडला, पण एक श्वास उशिरा.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. डावा किंचित अडकत होता. वर आकाशात तेवढा फरक पडला असता तर विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली आलं असतं, एवढं मला तोपर्यंत कळत होतं. दादाला सांगितलं असतं तर त्याने बिजागरी सोडवायला लावली असती, घासून परत बसवायला लावली असती, आणि तो रविवार गेला असता. मूठ त्या आठवड्यात एकदा अर्ध्यात थांबली होती. मी पाहिलं होतं. पुढच्या रविवारपर्यंत कुणाला माहीत?

आईने माझी वेणी घालायला खोबरेलाची बाटली गरम पाण्याच्या तांब्यात ठेवली होती. जानेवारीत आमच्या घरात हे रोजचंच, बाटलीत तेल पांढरंफटक गोठतं आणि आई ते पाण्यात ठेवून पातळ करते. मी केसांना तेल लावलं, बोट तेलकट होतंच. ते बोट मी डाव्या बिजागरीला लावलं. एक थेंब. पंख मिटला, सोडला. टपकन उघडला! मग दोन्ही सारखे राहावेत म्हणून उजवीलाही एक थेंब लावला. दहादा उघडझाप करून बघितली. झकास चालत होते. दादा बिजागरीला नेहमी पेन्सिलीचं शिसं घासायला सांगायचा, ते मला माहीत होतं. तेल लावू नको असं काही त्याने कधी म्हटलं नव्हतं. पण कुणी कशाला म्हणेल? विमानाला डोक्याचं तेल लावणारी बाई जगात असेल असं कुणाच्या डोक्यात तरी येईल का?

आई दाराशी आली. "काय गो, सकाळी सकाळी खय चललात दोघा? हात गार पडतले त्येचे." मी तिला म्हटलं, "आई, आज काही बोलू नको." दादाच्या गळ्याभोवती तिने मफलर गुंडाळला, त्याला गुंडाळता येत नव्हता म्हणून.

मिठागरांवर जाईतो अर्धा तास लागला. सूर्य यायचा होता. वारा अजिबात नव्हता, म्हणून तर ती वेळ घेतली होती. बांबू मी रोवला, रबर मी बांधलं, पंख मी मिटून वर बोटाने धरले आणि दादाने बोंडूक मुठीत घेतलं. तो एकेक पाऊल मागे सरत गेला. रबर ताणत गेलं, मी पंख दाबून त्याच्याबरोबर सरकत गेले. दादाचा चेहरा लाल झाला होता, पण मूठ मिटलेली होती. "जाऊ दे?" त्याने मला विचारलं. मला! मी म्हटलं, "जाऊ दे रे!"

मूठ उघडली, त्याच क्षणी मी बोट काढलं. सटकन आवाज झाला आणि विमान दिसेनासं झालं. मग वर दिसलं, एक बारीक काडी, इतकं वर की त्याची हाताची फेक कधी तिथवर गेली नव्हती. तिथे ते थांबलं. खरंच, क्षणभर थांबल्यासारखंच दिसलं. दादा म्हणाला, "आता." मी पण म्हटलं, आता.

काही झालं नाही. काडी तशीच नाक खाली करून वळली आणि सरळ येऊन पलीकडच्या वाफ्यात घुसली.

मी धावले. विमान चिखलात नाकापर्यंत रुतलं होतं, बाकी धड होतं. पंख अर्धवट, दोन बोटं उघडून अडकलेले. मी बिजागरीला हात लावला आणि बोटाला काहीतरी मऊ पांढरं लागलं. मेणासारखं. थंडीने बाटलीतलं तेल गोठतं तसं त्या बिजागरीत ते थेंबभर तेल गोठलं होतं. मला कळलं. जागच्या जागी, चिखलात उभ्या उभ्या कळलं. वाट लावली मी, हेच शब्द डोक्यात आले.

आता जे केलं ते सांगते. मी विमान उचललं आणि दोन्ही बिजागऱ्या मुठीत घट्ट धरून परत चालायला लागले. शंभर पावलं असतील. धावल्यामुळे हात गरम होते. दादापाशी पोचेतो तेल पातळ झालं, आणि मी मूठ सोडल्याबरोबर दोन्ही पंख टपकन उघडले. ते मी मुद्दाम केलं का, हे मी स्वतःला किती वर्षं विचारतेय. पडायला नको म्हणून धरलं होतं, हेही खरं. पण धरताना मला माहीत होतं, हेही खरंच.

दादाने त्याच्या डाव्या हाताने पंख मिटून बघितले, सोडून बघितले. "इथे उघडतायत," तो म्हणाला. "वर का नाही उघडले?"

मी विमानाच्या नाकावरचा चिखल बोटाने पुसायला लागले.

"म्हणजे वर वारा जास्त दाबतोय. मी धरला त्यापेक्षा जास्त. स्प्रिंग नरम पडतेय." त्याने माझ्याकडे बघितलं. "माझंच गणित चुकलं गं."

आणि मला, देवाशपथ, त्या वेळी हायसं वाटलं. त्याने मला आणखी काही विचारलं नाही म्हणून. ही लाज अजून जात नाही.

घरी जाताना सांगू असं ठरवलं. मग वाटलं, आता तो दमलाय, दुपारी जेवल्यावर सांगू. जेवल्यावर त्याने वही मागितली आणि गणित पहिल्यापासून करायला बसला, चांगला रंगात आला होता. वाटलं, काम करतोय तर करू दे, उद्या सांगू. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड होतं. आठ दिवसांनी तर ते शक्यच राहिलं नाही. आता सांगितलं तर तो विचारणार, आठ दिवस गप्प का होतीस? याचं उत्तर काय देऊ? तोंड उघडलं की शिव्या देणारी मी, मला एक साधं वाक्य बोलता येईना.

त्याला गणितात चूक सापडेना. सापडणार कुठून! तीन-तीनदा तेच उत्तर यायचं, सात. तो डोक्याला हात लावायचा. "मला काहीच येत नव्हतं बहुतेक," एकदा म्हणाला. "टूलरूममध्ये पण नुसता अंदाजाने करत असेन इतकी वर्षं." फिटर म्हणून ज्याची कारखानाभर वाहवा व्हायची तो माणूस हे बोलत होता. आई मला स्वयंपाकघरात म्हणायची, "हेका भूक नाय, तहान नाय. काय झाला गो तुमचा त्या दिवशी?" मी म्हणायचे, "काही नाही, तू पोळ्या लाट."

शेवटी त्याने गणित सोडून दिलं आणि ठरवलं, सहा वेढे.

"सहाला सुटतानाच उघडतील म्हणाला होतास," मी म्हटलं. एवढं मी म्हटलं, एवढी हिंमत केली.

"ते माझं गणित म्हणत होतं. आणि माझं गणित चुकलंय. वळ सहा."

मी विणायची सुई घेतली आणि सहा वळले. का वळले? मनाला सांगितलं, कदाचित सहाही चालतील. त्याला एकदा उघडलेले दिसले की झालं, सातने काय, सहाने काय. माणूस मनाची अशीच समजूत घालतो. मला ठाऊक होतं की सात बरोबर आहेत. सात बरोबर आहेत हे माहीत असलेली जगात मी एकटी होते, आणि मी सहा वळत होते. बिजागरीला या वेळी शिसं घासलं, शिसपेन्सिल अर्धी संपेपर्यंत.

होळीच्या आधीच्या रविवारी परत गेलो. थंडी संपली होती. त्याची मूठ आता दोन-तीन प्रयत्नांनी वळायची, म्हणून बोंडकाला मी सुताची दोरी गुंडाळून ते जाड केलं होतं. तो मागे झुकत गेला. जानेवारीत सहा पावलं गेला होता, या वेळी पाचव्यालाच मूठ निसटली. निसटली, सोडली नाही. सटकन आवाज आला आणि त्यातच दुसरा, सुकी काटकी मोडल्यासारखा. डावा पंख सुटतानाच उघडला होता. तो तुटून दादाच्या कानाजवळून गेला. बाकीचं विमान गटांगळ्या खात दहा पावलांवर पडलं. उचलायला काही नव्हतंच, तरी मी जाऊन तुकडे गोळा केले.

तो उघडा हात तसाच पुढे धरून उभा होता. "सातला उघडत नाहीत, सहाला तुटतात," तो म्हणाला. "म्हणजे मुळातच काहीतरी चुकलंय माझं. पायाच चुकलाय." मग म्हणाला, "चल, घरी जाऊ. ऊन वाढतंय."

त्यानंतर मूठ गेली. एका दिवसात नाही, पण एप्रिल संपेतो गेली. बोटं निम्मी मिटायची आणि तिथेच राहायची. स्टोअरचं रजिस्टरही सुटलं, तो घरी बसायला लागला. आई त्याला भरवायची आणि तो तिला म्हणायचा, "घास लहान कर गं, मी काय गिरणीतून आलोय?" हसायचा. तो हसला की मला घरात थांबवायचं नाही. मी उगीच मोरीत जाऊन भांडी घासायचे, घासलेलीच परत घासायचे.

मे महिन्यातल्या एका दुपारी त्याने वही काढायला लावली. खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, हात मांडीवर.

"शेवटचं लिहून टाकू," तो म्हणाला. "उद्या कुणी ही वही उघडली आणि यावरून विमान बांधायला बसला तर फुकट मेहनत जाईल बिचाऱ्याची. ते गोल केलंय ना सात, त्या पानावर आडवी रेघ मार आणि वर लिही, चूक. लाल पेनाने लिही, मोठं."

मी लाल पेन घेतलं. पान काढलं. ते पान माझ्या अक्षरातलं होतं, पण त्यातला प्रत्येक आकडा त्याचा होता. मी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याने रेघ मारवेना.

"अगं, लिही की. दोन अक्षरं आहेत."

"चूक नाहीये," मी म्हणाले.

"काय?"

"सात बरोबर होते, दादा. मी त्या दिवशी बिजागरीला तेल लावलं होतं. डावा अडकत होता म्हणून. खोबरेल लावलं. ते थंडीने गोठलं. पंख त्याने अडकले. तुझं काही चुकलं नव्हतं."

एका दमात बोलले. मग थांबले आणि वाट बघत बसले, की आता हा ओरडेल. ओरडावं असंच वाटत होतं.

तो ओरडला, पण आईला. "आई! ए आई! इकडे ये लवकर!" आई पदराला हात पुसत धावत आली, तिला वाटलं काही झालं. "आई, बरोबर होतं! माझं गणित बरोबर होतं! सातच होते!" त्याचा चेहरा असा फुलला होता की वर्षभरात आम्ही तो तसा पाहिला नव्हता. आईने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला काय कळणार होतं? पण लेकाला इतका आनंद झालाय म्हटल्यावर तिने तिला कळलं ते धरलं.

"बरोबर होता? मगे आता हात बरो होतलो?"

"नाही गं," तो हसत म्हणाला, "हाताचं वेगळं आहे." आई मान हलवून आत गेली.

तो माझ्याकडे वळला. "खोबरेल! अगं बाई माझे, विमानाला खोबरेल! वेणी घालणार होतीस काय त्याची?" आणि इतका हसला की त्याला ठसका लागला, मी पाणी पाजलं. मग त्याने ते पान मोठ्याने वाचायला लावलं, पहिल्या आकड्यापासून सातपर्यंत. मी वाचत होते आणि तो प्रत्येक ओळीला "बरोबर... बरोबर" म्हणत होता. मला वाटलं, सुटले. इतकं सोपं होतं तर मी मूर्ख चार महिने कशाला कुढत बसले?

पान संपलं. मी वही मिटली. तो अजून हसऱ्या चेहऱ्यानेच खिडकीबाहेर बघत होता.

"तुला कळलं कधी गं? तेलाचं?"

खोटं बोलता आलं असतं. कालच कळलं म्हणाले असते तर त्याने मानलं असतं.

"त्याच सकाळी," मी म्हणाले. "चिखलातून उचललं तेव्हाच."

त्याने डोळे बारीक केले. मनात हिशेब मांडत असावा, गणित करताना असाच बसायचा.

"म्हणजे सहा वेढे तू वळलेस, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

त्याने मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं निम्मी मिटलेली, तशीच पडलेली. आवाजात राग नव्हता. रागावला असता तर मी पाय तरी धरले असते.

"जानेवारीत माझी मूठ वळत होती गं," तो म्हणाला.